लाल झाकण, निळं झाकण

एकतीस वर्षं आप्पांनी प्राणिसंग्रहालयात माकडांची घाण उचलली, पण ती घाण कुणी गोड बोलून मागून नेईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मागितली तीही घरात, भर जेवणाच्या टेबलावर, आणि मागणारी दुसरीतिसरी कुणी नव्हे, त्यांची सून.

"बाबा, तुमच्याकडे एक काम होतं," सूनबाई म्हणाली. "माकडांची विष्ठा हवी होती. ताजी."

माईंचा वाढायचा डाव हवेतच राहिला. "अगं, घास तरी उतरू दे की माणसाचा!"

"घास काय, रोज तेच करून येतो मी घरी," आप्पा म्हणाले. पण मनातून ते सुखावले. घरात मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात महिने पाण्यावर. सून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधक. आप्पांचं शिक्षण सातवीपर्यंत, तेही सातवीच्या परीक्षेने त्यांना दोनदा नमस्कार करून बाहेर घालवलेलं. या घरात कुणी त्यांच्याकडे कामाचं काही मागितलं म्हणजे एरवी ते बल्ब बदलण्यापुरतंच असायचं.

"कशाला हवीय?"

सूनबाईने चमचा खाली ठेवला. तिने चमचा खाली ठेवला की समजावून सांगण्याची तयारी झाली असं माई समजत, आणि भाजी झाकून ठेवत.

"आपल्या पोटात जंतू असतात, अब्जावधी. ते अन्न पचवतात, त्यातून शरीराला शक्ती काढून देतात. आता आमच्याकडे असे उंदीर आहेत ज्यांच्या पोटात एकही जंतू नाही. जन्मापासून प्लॅस्टिकच्या बंद फुग्यात वाढलेले. त्यांच्या लहान पिल्लांपैकी काहींना एका जातीच्या माकडाच्या पोटातले जंतू द्यायचे, काहींना दुसऱ्या जातीच्या, काहींना माणसाच्या. माणसांचे नमुने दवाखान्यातून येतात, माकडांचे तुमच्याकडून. आणि मग दोन महिन्यांनी बघायचं, त्या पिल्लांच्या मेंदूच्या घडणीत काही फरक पडला का."

"पोटाचा आणि मेंदूचा काय संबंध?"

"मेंदू भयंकर खादाड असतो, बाबा. माणसाच्या वजनात त्याचा वाटा पन्नासात एक, आणि खाण्यात पाचात एक. मग लाखो वर्षांत मेंदू मोठा होत गेला, तेव्हा त्याला एवढं खायला घातलं कुणी? पोटातल्या जंतूंनी थोडा हातभार लावला असेल का, हा आमचा प्रश्न."

"म्हणजे मेंदू हा घरजावई," माई म्हणाल्या. "काम कुणाला दिसत नाही, ताट मात्र सगळ्यात मोठं."

सूनबाई हसली. "मोठ्या मेंदूच्या गटात माणसं आणि तुमची ती चिल्लीपिल्ली. लहान मेंदूच्या गटात मास्तर."

आप्पांचा घास तोंडाशी थांबला. "कोण?"

"मास्तर. म्हणजे त्याची जात हो. अंगाच्या मानाने मेंदूचं वजन काढतात, त्यात..."

त्यात काय ते आप्पांनी ऐकलंच नाही.

मास्तर म्हणजे आप्पांच्या विभागातलं सगळ्यात जुनं माकड. तांबड्या तोंडाचं, चोवीस वर्षांचं, खालचा ओठ किंचित लोंबणारं. दोन्ही हात पाठीशी घेऊन पिंजऱ्यात येरझारा घालायचं, म्हणून आप्पांनीच त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. उकडलेला बटाटा तो पाण्यात बुडवून, माती धुऊन खायचा. आतल्या खोलीच्या सरकत्या दाराची खीळ त्याने तीनदा काढली होती, आणि चौथ्यांदा काढून, बाहेर जाऊन, फिरून परत येऊन आतून लावून घेतली होती. आप्पांचा चष्मा पळवायचा तो, पण फोडायचा नाही. केळ्याच्या बदल्यात परत द्यायचा. एका चष्म्याला दोन केळी, हा भाव त्यानेच ठरवलेला.

आणि चिल्लीपिल्ली? खारीएवढी, पिवळ्या पायांची अकरा माकडं. दिवसभर चिवचिवाट. स्वतःच्याच शेपटीवर बसायचं आणि शेपूट कुणी ओढली म्हणून शेजारच्याला चावायचं. ही हुशार! आणि मास्तर मठ्ठ!

"आणून देतो," आप्पा कोरडेपणाने म्हणाले आणि हात धुवायला उठले.

"नाकाला मिरच्या झोंबल्या," माई सूनबाईच्या कानात पुटपुटल्या. "माकडाला बोललं की यांना लागतं. मला बोललं तर कधी लागलं नाही."

*

नमुने घ्यायचे सोमवारी आणि गुरुवारी, चार आठवडे, म्हणजे आठ वेळा. सूनबाईने बर्फाचा डबा दिला, निर्जंतुक चमचे दिले आणि नळ्या दिल्या. लाल झाकणाची नळी मास्तरची, निळ्या झाकणाची चिल्लीपिल्लीची. नळीवर तारीख आधीच छापलेली. गोळा करणाऱ्याने वहीत फक्त सही करायची.

पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाला आप्पा मास्तरच्या आतल्या खोलीत वाकून उभे होते. मास्तर पलीकडच्या फळीवर बसून बघत होता. इतकी वर्षं हा माणूस फावड्याने ढीगच्या ढीग लोटून टाकतो, आणि आज चमच्याने चिमूटभर उचलून काचेच्या नळीत घालतोय, हे त्याला फारच लक्ष देण्यासारखं वाटलं असावं. तो खाली उतरला, आप्पांच्या शेजारी उकिडवा बसला, आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागला. एक गाठ, वर दुसरी गाठ. दोन्ही सोडवल्या.

"आणि म्हणे लहान मेंदू," आप्पा म्हणाले.

त्यांच्या एका हातात नळी होती आणि डब्यात दोन झाकणं होती, एक लाल, एक निळं. त्यांच्या मनात जे आलं ते कपट म्हणून आलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांना वाटलं, गंमत बघू. सूनबाईला तर झाकणाच्या रंगावरून उत्तर आधीच माहीत आहे. निळं म्हणजे हुशार. आता निळ्यात मास्तरला घातलं, आणि निळ्याचे उंदीर चमकले, तर? मग जेवणाच्या टेबलावर चमचा खाली ठेवायची पाळी आपली. 'बघ पोरी, ज्याला तू हुशार म्हणालीस तो माझा मास्तर.' सगळे हसतील, सून कपाळाला हात लावेल, आणि मास्तरची अब्रू शाबूत राहील.

त्यांनी मास्तरच्या नळीवर निळं झाकण लावलं. चिल्लीपिल्लीच्या नळीवर लाल. वहीत सही केली, अगदी वळणदार.

गुरुवारी तेच. पुढच्या सोमवारी तेच.

मग त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी दहा दिवस घरी बसवलं.

"अक्कल सुजलीय तुमची," माई शेकायची पिशवी ठेवताना म्हणाल्या. "म्हणून म्हणते, एवढा ताण देऊ नये तिला."

त्या दहा दिवसांतले तीन नमुने आप्पांच्या जोडीदाराने घेतले. हा हरणांच्या विभागातला, पन्नाशीचा, भिडस्त माणूस. सगळे त्याला हरणवालाच म्हणत. लाल म्हणजे मास्तर, निळं म्हणजे छोटी माकडं, हे त्याने तळहातावर पेनाने लिहून घेतलं, आणि तीनही वेळा तंतोतंत तसंच केलं. आप्पा कामावर परतले आणि उरलेले दोन नमुने त्यांनी आपल्या पद्धतीने भरले. मधल्या तीन नळ्या सरळ गेल्या आणि आपल्या पाच उलट्या, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आलाच नाही. गुडघ्यातही आला नाही.

*

नळ्या गोठवल्या गेल्या. प्रत्येकीतला थोडा भाग तपासणीसाठी बाजूला काढून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे मोठी रांग होती. बाकीचा लालमधला लालमध्ये, निळ्यातला निळ्यात एकत्र करून उंदरांच्या पिल्लांना दिला.

आप्पा आता जेवताना फार चौकशी करायला लागले.

"कसे आहेत उंदीर?"

"छान आहेत."

"निळ्याचे?"

"सगळेच छान आहेत, बाबा."

"नाही, म्हणजे निळ्याचे जरा... तरतरीत वगैरे?"

"असं डोळ्यांनी नाही कळत. मेंदू तपासल्यावर कळेल."

सांगायचं म्हणून आप्पा रोज तोंड उघडत, आणि रोज त्यात घास घालत. पहिल्या आठवड्यात ही गंमत होती. तिसऱ्या आठवड्यात ती सांगायला जरा उशीर झालेली गंमत होती. पाचव्या आठवड्यात तिला गंमत म्हणायला त्यांची स्वतःची जीभ रेटेना. सूनबाई रविवारीसुद्धा जाऊ लागली होती. फुग्याच्या भिंतीला शिवलेल्या लांब हातमोज्यांत हात घालून तासन्‌तास उभी राहायची आणि घरी येऊन खांदे चोळत बसायची. पोटातलं ओठावर आणायचं कसं, हे त्या अब्जावधी जंतूंपैकी एकालाही ठाऊक नसावं.

सहाव्या आठवड्यात तपासणीचा अहवाल आला.

"बाबा," सूनबाईने संध्याकाळी चपला काढता काढताच विचारलं, "मास्तर अळ्या खातो का?"

आप्पा पेपर वाचत होते. तो आणखी वर धरला. "अळ्या?"

"पिठातल्या अळ्या, ज्या तुम्ही छोट्या माकडांना घालता. लाल झाकणाच्या पाच नळ्यांत किड्यांच्या कवचाचे तुकडे सापडले. आणि त्याच तारखांच्या निळ्या नळ्यांत काहीच नाही. जंतूही वेगळेच दिसतायत."

इथे आप्पांना खरं सांगायची उत्तम संधी होती. दार उघडं होतं, पाटी लावलेली होती, फक्त आत जायचं होतं.

"खातो की," आप्पा म्हणाले. "हल्ली खातो. म्हातारपणी जिभेला काही ना काही लागतं."

"आणि छोटी खात नाहीत?"

"त्यांची पोटं बिघडली होती मध्यंतरी. बंद केल्या होत्या."

माईंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून नवऱ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोलताना कानाची पाळी ओढतो हे त्यांना पाठ होतं. पाळी ओढून लांब झाली होती. पण कशासाठी, ते त्यांना कळेना.

"उद्या येऊन बघते," सूनबाई म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी अकराला ती आली. आप्पांनी सकाळपासून मास्तरला काही घातलं नव्हतं, भुकेला असला तर खाईल या आशेने. वाटीत वीस अळ्या वळवळत होत्या. आप्पांनी वाटी जाळीच्या फटीतून आत सरकवली.

मास्तरने वाटीत बघितलं. मग आप्पांकडे बघितलं. मग पुन्हा वाटीत. त्याने एक अळी दोन बोटांत धरून उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि आप्पांच्या पुढ्यात जाळीतून अलगद बाहेर ठेवली. दुसरी उचलली, तीही बाहेर ठेवली. अशा सहा ठेवल्या, ओळीने. मग वाटी पालथी करून तिच्यावर बसला आणि बटाट्यासाठी हात पुढे केला.

"आज भूक नसेल," आप्पा म्हणाले.

पलीकडच्या पिंजऱ्यात अळ्यांच्या वासाने चिल्लीपिल्लीचा कल्लोळ उसळला होता. अकराच्या अकरा जाळीला लटकून हात बाहेर काढत होती. सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिने वही उघडली.

"मधले तीन नमुने तुमच्या जोडीदारांनी घेतले होते ना? तेवढेच तीन बाकीच्यांच्या उलट आहेत. तुमचे पाच बरोबर धरले तर त्यांनी नळ्या उलट्या भरल्या असणार. सगळी सरमिसळ झालीय, बाबा. मला त्यांच्याशी बोलायला हवं, आणि अधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागेल."

हरणवाला गवताची गाडी ढकलत येतच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. चेहरा पांढरा पडला.

"ताई, मी हातावर लिहून घेतलं होतं," तो म्हणाला, आणि आता काहीच न लिहिलेला तळहात तिच्यासमोर धरला. "लाल मास्तर, निळं बारकी. तीन वेळा वाचून भरलं. पण... माझंच चुकलं असेल. आप्पांचं कसं चुकेल? आप्पांना माकडांतलं सगळं कळतं. माझ्याच हातून झालं असेल काहीतरी."

त्याला तसं खरोखरच वाटायला लागलं होतं. तेच आप्पांना सहन झालं नाही. हा माणूस भांडला असता, आवाज चढवला असता, तर कदाचित त्यांनी आणखी एक दिवस काढला असता.

"त्याचं काही चुकलं नाही," आप्पा म्हणाले. "त्याच्या तीन सरळ आहेत. माझ्या पाच उलट्या. मी मुद्दाम भरल्या."

"मुद्दाम?"

"तू मास्तरला लहान मेंदूचा म्हणालीस."

एरवी हे वाक्य मनात बोलताना आप्पांना ते भारदस्त वाटायचं. मोठ्याने बोलल्यावर ते एखाद्या सहा वर्षांच्या पोराचं वाटलं. हरणवाला गाडी ढकलत निघून गेला. गवत मात्र तिथेच सांडलं.

सूनबाई कट्ट्यावर बसली. "माझ्या मनात दोनदा आलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "काल रात्री एकदा, आणि आत्ता त्या अळ्या बघताना. दोन्ही वेळा मी झटकून टाकलं. म्हटलं, बाबा असं करणार नाहीत."

आप्पा सांडलेलं गवत गोळा करायला वाकले.

"अंगाच्या मानाने मेंदूचं वजन, बाबा. तो नुसता आकडा आहे. शिवी नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"आता त्या उंदरांचं काय?"

"छत्तीस आहेत. आता त्यांचा उपयोग नाही. पुन्हा पहिल्यापासून."

"नाही, त्यांचं काय?"

तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि काय ते आप्पांना न सांगताच कळलं. आजारी माकडाला छातीशी धरून बाटलीने दूध पाजलेला तो माणूस होता. मास्तरला तर त्यांनी पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. मेंदू तपासायचा तर उंदीर जाणारच होते, हे त्यांना आधीही माहीत होतं. पण कशासाठी तरी जाणं वेगळं, आणि एका म्हाताऱ्याच्या फुगलेल्या नाकासाठी जाणं वेगळं.

*

घरी सूनबाईने आरडाओरडा केला नाही. तिने केला असता तर बरं झालं असतं. ती "बाबा, पाणी देऊ का?" म्हणायची, पाणी द्यायची, आणि खोलीत जायची. इतकी सभ्य वागणूक आप्पांना त्या घरात कधीच मिळाली नव्हती.

माईंनी मात्र कसर भरून काढली. "माकडाच्या हाती कोलीत द्यावं तर त्यानेसुद्धा परत केलं असतं, दोन केळी घेऊन," त्या म्हणाल्या. "आणि कुणावर ढकलत होतात? त्या गरीब गाईवर!"

"हरणवाला आहे तो."

"विनोद करू नका. तुमचा विनोदाचा कोटा संपलाय."

तिसऱ्या दिवशी आप्पांनी रजा टाकली. टेबलाशी बसून सकाळभर एक कागद लिहिला, दोन खाडाखोडीत गेले, तिसरा बरा निघाला. 'मी खाली सही करणारा, शिक्षण सातवी, माकड विभाग, असं लिहून देतो की,' अशी सुरुवात होती. आठही तारखा होत्या. कुठल्या दिवशी कुठली नळी कुणी कशी भरली ते होतं. शेवटी लिहिलं होतं, 'यात माझ्या सुनेचा व माझ्या जोडीदाराचा काही दोष नाही. माकडाचाही नाही.' कागदाची एक नक्कल त्यांनी वाटेत हरणवाल्याच्या हातात दिली. त्याने ती उभ्या उभ्या वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि म्हणाला, "आप्पा, मला तीन दिवस जेवण गेलं नाही हो." "मलाही नाही," आप्पा म्हणाले. मग दोघांनी त्याच्या डब्यातला पाव अर्धा अर्धा खाल्ला.

प्रयोगशाळेत सूनबाईच्या वरच्या बाई होत्या. साठीच्या, केस बारीक कापलेल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. सूनबाईने सासऱ्यांना दारात बघितलं आणि ती उभीच राहिली. आप्पांनी कागद सरळ मोठ्या बाईंसमोर ठेवला.

बाईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

"उत्तर आधी ठरवायचं, आणि मग त्याला शोभेल असा पुरावा नळीत भरायचा," त्या म्हणाल्या. "आप्पा, हे काम आमच्याकडे फार शिकलेली माणसं करतात. तुम्ही सातवीतच कसं शिकलात?"

आप्पांना हसावं की मान खाली घालावी कळेना. त्यांनी मान खाली घातली.

"तारखा नीट लिहिल्यात, ते बरं केलंत. निदान काय बिघडलं ते कळलं. आता पुन्हा नमुने लागतील. कोण गोळा करणार?"

"हरणवाला," आप्पा म्हणाले.

"नाही. तुम्हीच. त्या माकडाजवळ दुसरं कुणी गेलं तर त्याचं पोट बिघडेल, असं तुमची सून म्हणते. पण प्रत्येक नळीवर दोघांच्या सह्या."

सूनबाई असं म्हणाली होती हे आप्पांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. परत जाताना ती त्यांना काचेच्या भिंतीपर्यंत घेऊन गेली. पलीकडे रांगेत फुगे होते, आत पंखे घुमत होते, आणि भुश्यावर उंदीर एकमेकांच्या अंगावर झोपले होते. आप्पा काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. मोजत असावेत. सूनबाईने घाई केली नाही.

*

पुन्हा चार आठवडे, पुन्हा आठ नमुने. या वेळी माकडाच्या विष्ठेला जो मान मिळाला तो फार थोड्या सरकारी कागदांना मिळत असेल. आप्पा चमच्याने उचलत. हरणवाला मोठ्याने वाचे, "लाल. मास्तर. तारीख चौदा." आप्पा म्हणत, "लाल. मास्तर. बरोबर." मग आप्पांची सही, मग हरणवाल्याची, मग वेळ. मास्तरला हा कार्यक्रम इतका आवडला की सोमवार-गुरुवारी तो आधीच फळीवर येऊन बसू लागला. एकदा त्याने पेन पळवलं. भाव तोच, दोन केळी.

उंदरांना जंतू दिले गेले, दोन महिने गेले, मेंदू तपासले गेले. निकाल आला तेव्हा सूनबाईने घरी येऊन चमचा खाली ठेवला. माईंनी भाजी झाकली.

"निळ्याच्या आणि माणसांच्या जंतूंचे उंदीर एकमेकांसारखे निघाले," ती म्हणाली. "त्यांच्या मेंदूत शक्ती वापरायचं आणि नवीन शिकायचं काम ज्यांच्याकडे असतं, ती जनुकं जास्त जागी होती. लालच्या उंदरांत तशी नव्हती. ते खाल्लेलं चरबीत साठवत होते. जरा गुबगुबीत झाले."

"म्हणजे उंदीर हुशार झाले?" माईंनी विचारलं.

"असं म्हणायचं नाही. हुशारी आम्ही मोजलीच नाही. जंतू बदलले तर मेंदूच्या कामात फरक पडू शकतो, एवढंच दिसलं. माकडापासून माणूस होताना हेच झालं का, ते अजून कुणी सांगू शकत नाही."

दोघींनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी सावकाश घास चावला.

"साठवणं वाईट नसतं," ते म्हणाले. "दुष्काळात बघू, कोण राहतं ते."

सूनबाईला हसू आवरेना. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि या वेळी पाणी आप्पांनी दिलं. कित्येक महिन्यांत ती त्यांच्यासमोर अशी हसली नव्हती.

पुढच्या महिन्यात तिला मोठ्या सभेत हे सगळं सांगायचं होतं. रविवारी सकाळी तिने पडद्याऐवजी कपाटाच्या दारावर कागद चिकटवले आणि घरच्यांसमोर तालीम घेतली. माई मटार सोलत ऐकत होत्या. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, गुडघा स्टुलावर.

"काही प्रश्न?" तिने शेवटी सभेत विचारतात तसं विचारलं.

आप्पांनी हात वर केला. "जंतू तू पिल्लांना दिलेस. वाढत्या वयात. म्हाताऱ्या उंदराला दिले तर?"

"ही चौकशी स्वतःसाठी चाललीय," माई मटारांना म्हणाल्या.

सूनबाईने क्षणभर विचार केला. "हे विचारणारे जगात पुष्कळ आहेत, बाबा. पण आमच्या कामात ते आम्ही बघितलेलं नाही." तिने पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून ठेवलं.

तेवढ्याने आप्पांना चेव आला. लाल जंतूंवर मग निळे जंतू ओतले तर कोण जिंकतं? उंदरांना अळ्या घातल्या तर? जहाजावर सात महिने डब्यातलं खाणाऱ्या माणसाच्या पोटात काय होतं? माईंनी मटार संपवून सालं टाकून दिली तरी ते विचारतच होते.

त्या सकाळी आप्पांनी एकूण सात प्रश्न विचारले. त्यातले दोन खरंच चांगले होते, असं सूनबाईने नंतर माईंना सांगितलं. कुठले दोन, ते विचारायला आप्पा दिवसभर तिच्या मागे मागे फिरत होते, आणि ती काही केल्या सांगत नव्हती.